मेंदूविज्ञान आणि शिक्षण यांना जोडणारं पदव्युत्तर शिक्षण: कुठे, कसं, आणि वर्गात त्याचा उपयोग किती?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

मंडळी, सल्ला हवा आहे.

प्राणिशास्त्रात बीएस्सी, मग बीएड. सध्या नाशिक जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत पाचवी ते आठवीला विज्ञान शिकवते. बीएडला मानसशास्त्राचा पेपर होता. पावलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर, पियाजेच्या अवस्था, सगळं झालं. पण माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा आहे. विचारलं की पचनसंस्था तोंडी अचूक सांगतो आणि कागदावर दोन ओळींच्या पुढे जात नाही. 'स्थित्यंतर'सारखा शब्द आला की तिथेच थांबतो. तो नेमका कुठे अडतोय, हे मला कुठल्याच पेपरात सापडलं नाही.

त्यातून वाचन सुरू झालं आणि 'माइंड, ब्रेन अँड एज्युकेशन' हे नाव भेटलं. मेंदूविज्ञान, आकलनाचं मानसशास्त्र आणि वर्गातलं शिकवणं यांना एकत्र आणणारी पदव्युत्तर पदवी. मला ती करायची आहे. परदेशातच जावं लागेल की आपल्याकडे काही आहे? आणि करून आल्यावर मी परत वर्गातच जाणार आहे, तिथे त्याचा खरोखर उपयोग होईल का? ज्यांनी केलंय, ज्यांना पटत नाही, दोघांनीही लिहा.

---

मंडूक

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

---

टेम्सकाठी

पाटीपेन्सिल, मी लंडनला एज्युकेशनल न्यूरोसायन्सचं मास्टर्स केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडा इतिहास, कारण अर्ज करताना तो माहीत असलेला बरा. हार्वर्डच्या शिक्षणशाखेत कर्ट फिशर यांनी 'माइंड, ब्रेन अँड एज्युकेशन'चा अभ्यासक्रम उभा केला. २००४ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, २००७ मध्ये त्याच नावाचं नियतकालिक निघालं. फिशर २०२० मध्ये गेले. त्यानंतर हार्वर्डने आपल्या मास्टर्सची सगळी फेररचना केली आणि या नावाचा वेगळा अभ्यासक्रम राहिला नाही. तो विषय आता 'ह्यूमन डेव्हलपमेंट अँड एज्युकेशन'मध्ये शोधावा लागतो. जुने ब्लॉग वाचून लोक अजून ते नाव शोधत बसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. न्यूयॉर्कला कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात 'न्यूरोसायन्स अँड एज्युकेशन' आहे. वॉशिंग्टनच्या गॅलोडेट विद्यापीठात याच विषयात पीएचडी होते आणि तिचा भर कर्णबधिर मुलं आणि खुणांची भाषा यांवर आहे. लंडनचा अभ्यासक्रम बर्कबेक आणि यूसीएल (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) ची शिक्षणसंस्था मिळून चालवतात.

माझ्या वर्गात निम्मे शिक्षक होते आणि निम्मे मानसशास्त्राचे पदवीधर. पहिल्या सत्रात शिक्षक संख्याशास्त्रात घाम गाळतात आणि मानसशास्त्रवाल्यांना चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे काय हे कळत नाही. दुसऱ्या सत्रात एकमेकांचं ऐकायला लागतात. मला विचाराल तर पदवीचा खरा फायदा तिथे आहे. शोधनिबंध वाचून 'हा प्रयोग किती मुलांवर केला, तुलनेचा गट कोणता होता, परिणाम किती दिवस टिकला' हे विचारायची सवय लागते. वर्गात परत जाणाऱ्या शिक्षकाला ती सवय आयुष्यभर पुरते.

---

खडूफळा

मी कोल्हापूर भागातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. ताईंचा उत्साह मोडायचा नाही, पण एक विचारतो. चांगला शिक्षक मेंदूचं नाव न घेता हेच करत आला ना? कालचा भाग आज विचारायचा, शनिवारी आठवड्याचा विचारायचा, घटकचाचणीला महिन्याचा. आमच्या गुरुजींना हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणी साठवायला मदत करणारा भाग) ठाऊक नव्हता, पण त्यांनी शिकवलेलं मला सत्तरीत आठवतं.

---

टवाळ_गडी

आमच्या गणिताच्या बाईंचं टपलीशास्त्र होतं. मेंदूशी थेट संपर्क, मध्ये कुठलंही यंत्र नाही.

---

न्यूरॉनराव

खडूफळा सरांनी सुरुवातीलाच मर्मावर बोट ठेवलं. मी मेंदूविज्ञानात पीएचडी आहे आणि तरीही (किंवा म्हणूनच) सावध करतो.

१९९७ मध्ये जॉन ब्रुअर यांनी एक गाजलेला लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, मेंदूविज्ञानातून थेट वर्गात पोचणारा पूल फार लांबचा आहे. मेंदूविज्ञानाकडून आकलनाच्या मानसशास्त्राकडे एक पूल आहे, तिथून शिक्षणाकडे दुसरा, आणि जायचं तर या दोन पुलांवरूनच जाता येतं. २०१६ मध्ये जेफ्री बॉवर्स यांनी याहून कडक भूमिका घेतली. एखादी शिकवण्याची पद्धत चालते की नाही हे मुलं काय शिकली यावरून ठरतं. मेंदूतला कुठला भाग उजळला याने त्या निकालात काहीच फरक पडत नाही.

सर म्हणतात त्या शनिवारच्या प्रश्नांचंच उदाहरण घ्या. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने विचारलं तर वाचून झाल्यावर आठवून लिहिणारे पुढे जातात. हा प्रयोग कागद-पेन्सिलीचा. एमआरआयची गरजच पडली नाही. म्हणून माझा सल्ला असा की 'न्यूरो' शब्द बघून पैसे भरू नका. आकलनाच्या मानसशास्त्राची भक्कम पदवी घ्या, तुम्हाला हवं ते बहुतेक तिथेच मिळेल.

---

टेम्सकाठी

न्यूरॉनराव, ब्रुअर आम्हाला पहिल्याच आठवड्यात वाचायला लावतात. तरी एक बाजू राहिली. २०११ मध्ये हेफ्ट आणि सहकाऱ्यांनी डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडणं) असलेल्या मुलांचा अभ्यास केला. अडीच वर्षांनी कुणाचं वाचन सुधारेल हे नेहमीच्या वाचनचाचण्यांवरून सांगता आलं नाही, मेंदूच्या प्रतिमांवरून बऱ्यापैकी सांगता आलं. वर्तनावरून न दिसणारं काहीतरी तिथे दिसत होतं. शिकवायचं कसं ते यातून लगेच कळत नाही, कबूल. पण 'काहीच फरक पडत नाही' हे टोकाचं आहे.

---

न्यूरॉनराव

तो अभ्यास चांगला आहे, पण लहान आहे. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या प्रत्येक अडखळणाऱ्या मुलाचा एमआरआय कोण काढणार? पाटीपेन्सिल वर्गात परतणार आहेत, हे धरून मी बोलतोय.

---

अबोली

मी पुण्यात विशेष शिक्षिका आहे. माझं मत या दोघांपेक्षा वेगळं आहे. शिक्षकांनी हे शिकावं याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मेंदूच्या नावाखाली शाळाशाळांत जे विकलं जातंय ते ओळखता यावं.

२०१२ मध्ये इंग्लंड आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांची एक पाहणी झाली. 'दृश्य, श्राव्य, स्पर्श यांपैकी मुलाच्या आवडत्या शैलीत शिकवलं की ते जास्त शिकतं' हे विधान इंग्लंडमधल्या ९३ टक्के आणि नेदरलँड्समधल्या ९६ टक्के शिक्षकांना खरं वाटत होतं. याला पुरावा नाही, हे २००८ मध्येच चार मानसशास्त्रज्ञांनी सगळं संशोधन तपासून लिहिलं होतं. त्या पाहणीतली मला हादरवून गेलेली गोष्ट वेगळी: मेंदूबद्दल ज्यांना सर्वसाधारण माहिती जास्त, त्यांचा अशा गैरसमजांवर विश्वासही जास्त होता. म्हणजे थोडंसं वाचून भागत नाही.

आपल्याकडे तर बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारे लोक शाळेच्या स्नेहसंमेलनात स्टॉल लावतात. त्यात हॉवर्ड गार्डनरचं नाव घेतात. गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्ता मांडली तेव्हा ठशांचा काही संबंध नव्हता, आणि बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याची शैली नव्हे हे त्यांनी स्वतः जाहीर लिहिलं आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारं 'मिड-ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन' आठवतंय ना? मंगळुरूच्या नरेंद्र नायकांनी त्याची जाहीर पोलखोल केली, पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून मुलं बघतात हे दाखवून. त्या शिबिरांना हजारो रुपये भरलेले पालक माझ्याकडे येतात. मुलाचं वाचन तिथेच अडलेलं असतं आणि मधली दोन वर्षं गेलेली असतात. मला याचा फार राग येतो.

---

मंडूक

अबोलीताई, प्रत्येक शब्दाला +१.

---

चिंगीची_आई

अबोलीताईंनी लिहिलं तेच आमच्या घरी झालं. शाळा म्हणाली आळशी आहे. पहिली तपासणी केली ती इंग्रजी चाचणीवर, आणि मुलगी मराठी माध्यमात! शेवटी एका ताईंनी मराठी चाचणी केली तेव्हा नीट चित्र दिसलं. अशा मुलांना दहावीच्या सवलती राज्यात १९९६ पासून आहेत, पण तिथवर पोचायला आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. पाटीपेन्सिल, तुमच्या त्या मुलाबद्दल वाचून राहवलं नाही. पदवी नंतर घ्या, आधी त्याची मराठीतून तपासणी करून घ्या.

---

न्यूरॉनराव

चिंगीची_आई म्हणतात ती मराठी चाचणी बहुधा 'डाली' असावी. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंह यांच्या गटाने ती केली, २०१५ मध्ये आली. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत. शिक्षकांनी वापरायची प्राथमिक चाळणी वेगळी आणि मानसशास्त्रज्ञांची सखोल चाचणी वेगळी. पाटीपेन्सिल, मेंदू संशोधन केंद्रातून थेट तुमच्या वर्गात येणारी वस्तू हवी असेल तर ही बघा. माझ्याच आधीच्या म्हणण्याला हा थोडा अपवाद आहे, पण चांगला अपवाद आहे.

आता हे सुरूच झालंय तर देवनागरीबद्दल लिहितो, कारण मला हा भाग मनापासून आवडतो. वाचनावरचं बहुतेक संशोधन इंग्रजी मुलांवरचं. आपली लिपी वेगळी आहे. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी क-च्या आधी येते आणि उच्चार मात्र क-नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर दाखवलं की अशी वेलांटी असलेले शब्द वाचायला जास्त वेळ लागतो. अक्षरसंख्या पाहा: इंग्रजीत २६ चिन्हं, आपल्याकडे बाराखडी अधिक जोडाक्षरं म्हणजे शेकडो आकार. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या कामात अक्षरं शिकण्याची प्रक्रिया पहिलीत संपत नाही, चौथी-पाचवीपर्यंत चालू राहते असं दिसलं. म्हणजे तुमच्या पाचवीतल्या मुलाला 'स्थित्यंतर' अडणं हे आळशीपणाचं लक्षण अजिबात नाही. त्यात 'स्थि' आहे, वेलांटी सगळ्यात आधी. मग 'त्यं', जोडाक्षर आणि वर अनुस्वार. एकाच शब्दात दोन अवघड वळणं.

आणि २०१७ चा लखनौजवळच्या खेड्यांतला अभ्यास. तिशीच्या आसपासच्या निरक्षर प्रौढांना, बहुतेक बायकाच, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. बदल नुसता मेंदूच्या बाहेरच्या थरात नव्हता, खोल आतल्या थॅलॅमस आणि मेंदूस्तंभापर्यंत पोचला होता. तिशीत!

---

टवाळ_गडी

न्यूरॉनराव, तुम्ही 'न्यूरो बघून पैसे भरू नका' म्हणालात आणि आता तुमचंच वाचून मला अर्ज करावासा वाटतोय.

---

खडूफळा

लखनौचं वाचून फार बरं वाटलं. प्रौढ साक्षरतेचे वर्ग मी स्वतः चालवले आहेत.

आता माझा आवडता विषय. पाढे. घोकंपट्टी म्हणून हल्ली नाकं मुरडतात. आमच्या लहानपणी तीस पाढे झाल्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढेसुद्धा असायचे. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा. त्या पिढीचा माणूस भाजीवाल्याकडे कधी फसला नाही. मेंदूवाल्यांचं यावर काय म्हणणं?

---

न्यूरॉनराव

सर, पाढ्यांच्या बाजूने आहे. मनात एका वेळी धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या, चारच्या आसपास. त्यातली जागा सात आठे किती याने अडवली तर गणिताचा विचार करायला उरतं काय? स्टॅनफर्डच्या विनोद मेनन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की मुलं बोटांवर मोजण्याकडून आठवून उत्तर देण्याकडे वळतात तेव्हा हिप्पोकॅम्पसचा सहभाग वाढतो. पावकीबद्दल मात्र काही वाचलेलं नाही.

---

सह्यकडा

पण पाढा पाठ आहे आणि गुणाकार म्हणजे काय हे माहीत नाही, अशी मुलं मी खूप बघितली आहेत. तेरा साते एक्याण्णव धडाधड म्हणतात आणि 'तेरा पिशव्यांत प्रत्येकी सात लिंबं, एकूण किती' विचारलं की बेरीज करू का वजाबाकी विचारतात. दोन्ही लागतं, सर.

---

अबोली

एक्याण्णववरून आठवलं, २०१९ चा 'वीस एक'चा गदारोळ कुणाला आठवतोय का? बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' म्हणायची रीत आली आणि विधानसभेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुलांना आकडे लिहिताना अडचण येते आणि जोडाक्षरांची नावं जड जातात, असं त्यांचं म्हणणं होतं.

---

खडूफळा

आठवतोय. मी विरोधात होतो आणि आजही आहे. त्रेपन्न हा शब्द मराठीचा ठेवा आहे. उद्या 'पन्नास तीन' म्हणायचं?

---

टेम्सकाठी

सर, मला तुमची भावना पूर्ण समजते, पण हा प्रश्न खरोखर मोजता येण्यासारखा आहे. 'त्रेपन्न'मध्ये तीन आधी ऐकू येतात, पन्नास मागून. लिहायचं मात्र आधी पाच, मग तीन. दुसरीतली मुलं ऐकून ३५ लिहितात, कुठल्याही बाईंना विचारा. जर्मनमध्ये हीच उलटी रीत आहे आणि २००९ मधल्या एका अभ्यासात ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांच्या आकडेलेखनातल्या चुकांचा मोठा वाटा या उलटापालटीचा निघाला. नॉर्वेने तर १९५१ मध्ये संख्यांची उलटी नावं सरकारी निर्णयाने सुलट केली. लोक पुढे कित्येक वर्षं दोन्ही बोलत राहिले.

मराठीत शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस आहेत. तीस ऐकू येतं आणि लिहायचे दोन. जर्मन अभ्यास याचं उत्तर देऊ शकत नाही. पाटीपेन्सिल, माझ्या मते तुमचा प्रबंध इथे आहे! 'वीस एक' चांगलं की वाईट यावर महाराष्ट्र महिनाभर भांडला. दोन शाळा घेऊन, मुलांच्या वह्या तपासून, कुठल्या संख्येला कुठली चूक होते हे आधी मोजूया, एवढं म्हणणारं माणूस त्या वादात हवं होतं.

---

खडूफळा

मोजायला माझी हरकत नाही. मोजून जर मुलांची अडचण खरी निघाली तर मी पुन्हा विचार करीन. तोवर त्रेपन्न.

---

रातराणी_

अवांतर: मुलगा नववीत. पहाटे साडेचारला उठवून अभ्यासाला बसवावं का? सासूबाईंचा आग्रह आहे.

---

न्यूरॉनराव

रातराणी, वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. अशा वेळी पहाटे उठवलं तर झोप कापली जाते, आणि दिवसभर शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते चांगलंच. पण घड्याळ सरकतं ते आठवी-नववीच्या मुलांचं, खरी गरज त्यांची आहे. सासूबाईंना माझा नमस्कार सांगून हे वाचायला द्या.

---

सह्यकडा

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण पैशांचं कुणीच बोललं नाही.

भारतात याच नेमक्या नावाची पदवी शोधत बसण्यापेक्षा दोन अंगांनी जाता येतं. आकलनविज्ञानाच्या (कॉग्निटिव्ह सायन्स) बाजूने: आयआयटी गांधीनगर, हैदराबाद विद्यापीठ, अलाहाबाद विद्यापीठ. शिक्षणाच्या बाजूने: मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ. पुढे पीएचडी करायची असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि आयआयटी मुंबईचा एज्युकेशनल टेक्नॉलॉजी विभाग. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेसाठी मानखुर्दला एकदा प्रत्यक्ष जाऊन येणं फार मोलाचं आहे.

परदेशी जायचं तर इंग्लंडचं मास्टर्स एका वर्षाचं, त्यामुळे राहण्याचा खर्च कमी. शिष्यवृत्त्यांत चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, पण ती कर्जरूपाने मिळते हे लक्षात ठेवा. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आणि नोकरीत असाल तर आधी अध्ययन रजेचे नियम संस्थेकडून लेखी घ्या. तोंडी 'बघू' वर राजीनामा देऊ नका. माझ्या बहिणीने तसं केलं आणि परत आल्यावर तिची जागा भरलेली होती.

---

पाटीपेन्सिल

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

चिंगीची_आई, तुमचं ऐकून त्या मुलाच्या आईशी बोलले. तपासणी ठरली आहे, मराठीतून. चाळणीची चाचणी मी आमच्या शाळेतल्या प्राथमिकच्या बाईंनाही दाखवली. त्यांना हवी आहे.

पदवीचं म्हणाल तर न्यूरॉनराव आणि टेम्सकाठी यांचं भांडण वाचताना माझं मला उमगलं की मला मेंदूच्या प्रतिमा काढायच्या नाहीत. त्या वाचता यायला हव्यात, कुणी त्या दाखवून काही विकायला आलं तर प्रश्न विचारता यायला हवेत, आणि माझ्या वर्गातल्या चुका नीट मोजता यायला हव्यात. म्हणून यंदा गांधीनगर आणि लंडन असे दोन अर्ज करते. रजेचं पत्र कालच दिलं, सह्यकडा. आणि टेम्सकाठी, दुसरीच्या बाईंना विचारलं. त्यांनी कपाटातून गेल्या वर्षीच्या श्रुतलेखनाच्या वह्यांचा गठ्ठाच काढून दिला. पहिल्याच वहीत त्रेपन्नला ३५, सदुसष्टला ७६, आणि एकोणतीसला ३९. बत्तीस मात्र बरोबर. बत्तीस का बरोबर?

---

टेम्सकाठी

कदाचित जास्त वेळा ऐकलेला म्हणून, कदाचित योगायोग. एका वहीवरून काहीच ठरवू नका. पण एकोणतीसचे ३९ बघा, ही नुसती उलटापालट नाही, तीस ऐकून ३ लिहिलाय. तिचा रकाना वेगळा करा. मुलांची नावं झाकून वह्यांचे फोटो काढून ठेवा, आणि पुढे वापरायच्या तर पालकांची आणि शाळेची लेखी परवानगी आत्ताच घ्या. विद्यापीठाची नीतिसमिती तेच पहिलं विचारते. अर्जाच्या निवेदनात 'मला लहानपणापासून मेंदूचं कुतूहल' वगैरे लिहू नका, या वहीपासून सुरुवात करा. मसुदा झाला की व्यक्तिगत निरोप करा, मी वाचते.

---

खडूफळा

वह्या मोजायला माणूस लागलं तर मला कळवा. मला वेळच वेळ आहे, आणि आकडे तपासायची सवय गेलेली नाही. कोल्हापूरच्या दोन शाळा मी मिळवून देतो.